‘एकदा तारण, कायमचे तारण’ ही सर्व प्रोटेस्टंटांची शिकवण नव्हे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या धर्मविषयक सदरात नुकत्याच आलेल्या लेखात असे म्हटले होते की, माणसाने एकदा येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवला की त्याचे तारण, म्हणजे पाप आणि त्याच्या शिक्षेतून सुटका, कायमचे पक्के होते, पुढे तो कसाही वागला तरी त्यात फरक पडत नाही, आणि ही सर्व प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्यावर काही दिवसांनी एका वाचकांचे पत्र छापून आले. त्यांच्या मते तारण प्रत्येक पापागणिक जाते आणि प्रत्येक पश्चात्तापागणिक परत मिळते. मी बरीच वर्षे आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यासवर्ग घेतो आणि विश्वास धरल्यानंतर तारण हरवू शकते का, हा प्रश्न त्या वर्गात जितक्या वेळा येतो तितका दुसरा कोणताही येत नाही. म्हणून ही दोन्ही विधाने तशीच राहू देणे मला बरे वाटले नाही. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम वस्तुस्थितीतली चूक. लेखात ज्या मताला सर्व प्रोटेस्टंटांचे मत म्हटले आहे, ते त्यांच्यातल्या एका प्रवाहाचे मत आहे आणि तेही विपर्यस्त रूपात मांडले गेले आहे. धर्मसुधारक ल्यूथरच्या अनुयायांनी 1530 साली ऑग्सबर्ग येथे जो कबुलीजबाब, म्हणजे आपल्या श्रद्धेची अधिकृत मांडणी, सादर केला, त्याच्या बाराव्या कलमात, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्म्याला मुकूच शकत नाही असे म्हणणाऱ्यांचा स्पष्ट निषेध आहे. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने 1751 साली या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहून, खरा विश्वासीसुद्धा पतन पावून नाश पावू शकतो असे प्रतिपादन केले. ल्यूथरन आणि मेथडिस्ट या दोन परंपरा वगळून ‘सर्व प्रोटेस्टंट’ म्हणता येत नाही. पेंटेकॉस्टल मंडळ्यांपैकीही पुष्कळ वेस्लीच्याच बाजूच्या आहेत. कॅथोलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत 1547 साली असे ठरवले की, प्राणघातक पापाने, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने, माणूस कृपेला मुकतो, मग त्याचा विश्वास शाबूत असला तरीही. मात्र प्रायश्चित्त संस्काराच्या द्वारे त्याला परतण्याची वाट मोकळी असते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत हा प्रश्न या शब्दांत फारसा विचारलाच जात नाही, कारण तिथे तारण म्हणजे देवाशी एकरूप होत जाण्याची आयुष्यभराची वाटचाल समजली जाते.

उरला तो सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या विचाराने घडलेला प्रवाह. त्याची या विषयावरील सर्वांत गाजलेली मांडणी नेदरलँड्समधील डॉर्ट शहरी 1618 आणि 1619 या वर्षांत भरलेल्या धर्मसभेत झाली. ही सभा बोलवावी लागली ती या प्रवाहाच्या शिकवणीवर हरकत घेणाऱ्या, आर्मिनियस या प्राध्यापकाच्या अनुयायांमुळे. येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. ज्याचे नाव आज ‘तारण हरवू शकते’ या मताला चिकटले आहे, त्या आर्मिनियसने मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1608 साली, आपण असे कधीही शिकवले नसल्याचे जाहीर निवेदन केले होते. काही वचने तशी वाटतात खरी, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच्या अनुयायांनी 1610 साली मांडलेल्या पाच कलमांपैकी पाचव्यातही हा प्रश्न शास्त्राच्या अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला होता. पुढच्या काही वर्षांत भांडण तापले, आणि खुला प्रश्न बंद झाला, दोन्हीकडून.

डॉर्टच्या सभेने काय म्हटले तेही पाहावे. देव आपल्या लोकांना अखेरपर्यंत राखतो, असे तिने निःसंदिग्धपणे सांगितले. पण त्याच ठरावांत दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र यांची उदाहरणे देऊन, विश्वासी माणूस भयंकर पापात पडू शकतो, पवित्र आत्म्याला खिन्न करतो, स्वतःच्या विवेकाला जखमा करून घेतो आणि काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही गमावतो, असेही म्हटले. ‘कसाही वागला तरी चालते’ हे वाक्य त्या ठरावांत शोधून सापडणार नाही. ‘एकदा तारण, कायमचे तारण’ ही घोषणा पुष्कळ नंतरची आहे, आणि घोषणेत जे होते ते इथेही झाले. निम्मे वाक्य लोकांच्या तोंडी बसले, उरलेले ग्रंथात राहिले.

आता मूळ मुद्दा. तारण हरवत नाही म्हणणारे आणि हरवते म्हणणारे, अशा दोन्ही पक्षांजवळ शास्त्रातली वचने आहेत आणि दोन्हींजवळची वचने भक्कम आहेत. एकीकडे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मेंढरांविषयी म्हणतो की त्यांचा कधीही नाश होणार नाही आणि त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही. मूळ ग्रीक भाषेत येथे दुहेरी नकार आहे. त्याहून जोरदार नकार त्या भाषेत करता येत नाही. दुसरीकडे, त्याच शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तोच येशू द्राक्षवेलाचा दाखला देताना म्हणतो की, जो माझ्यामध्ये राहत नाही तो फाट्याप्रमाणे बाहेर टाकला जातो, वाळतो आणि अग्नीत टाकला जातो. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहितो की ज्याने तुमच्या ठायी चांगले काम आरंभले तो ते सिद्धीस नेईल, आणि पुढच्याच अध्यायात ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ असेही बजावतो. गलतीकरांना तर तो सरळ सांगतो, ‘तुम्ही कृपेला अंतरला आहात.’ अभ्यासवर्गात बहुधा असे होते की एक जण आपली पाच वचने वाचतो, दुसरा आपली पाच वाचतो, आणि दोघेही घरी जाताना समोरच्याला शास्त्र कळत नाही असे म्हणत जातात.

माझे म्हणणे असे आहे की ही वचने एकमेकांविरुद्ध उभी केलेली साक्षीदार नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातला जलप्रवास मला या संपूर्ण वादाची किल्ली वाटतो, आणि या वादात तो जितका यायला हवा तितका येत नाही. पौल कैदी म्हणून रोमकडे नेला जात असता तारू वादळात सापडते. चौदा रात्री ते भरकटते आहे. देवाच्या दूताने दिलेल्या वचनाच्या आधारे पौल सर्वांना सांगतो की तारवाचा नाश होईल, पण तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही. वचन बिनशर्त आहे. नंतर खलाशी लहान होडी समुद्रात सोडून गुपचूप निसटू पाहतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला आणि शिपायांना म्हणतो की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. शिपाई त्या होडीचे दोर कापून टाकतात, आणि शेवटी तारवातली सर्वच्या सर्व 276 माणसे, कोणी पोहत तर कोणी फळ्यांवर, माल्टाच्या किनाऱ्याला लागतात.

‘कोणीही मरणार नाही’ हे वचन खरे होते की ‘हे गेले तर तुम्ही वाचणार नाही’ हा इशारा खरा होता? दोन्ही खरे होते. इशारा दिला गेला, ऐकला गेला, दोर कापले गेले, आणि अशा रीतीने वचन पुरे झाले. वचन मिळाले होते म्हणून पौल स्वस्थ झोपला नाही, आणि इशारा द्यावा लागला म्हणून वचन डळमळीत होते असेही त्याला वाटले नाही. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रातले कडक इशारे मी याच प्रकारे वाचतो. देव ज्यांना राखतो त्यांना तो त्या इशाऱ्यांच्या साह्याने राखतो. हा विचार मी शोधून काढलेला नाही. देव आपल्या लोकांना सुवार्तेच्या वचनांनी, बोधाने आणि धमक्यांनीसुद्धा टिकवून धरतो, असे डॉर्टच्या ठरावांतच लिहिलेले आहे. ज्यांच्या नावावर ती घोषणा खपवली जाते, त्यांना धमक्यांचे महत्त्व पुरते ठाऊक होते.

आपल्या भाषेतल्या दोन शब्दांविषयी येथे थोडे विषयांतर करतो. ‘तारण’ हा शब्द आपण कर्जासाठी गहाण ठेवलेल्या वस्तूलाही वापरतो, आणि मला नेहमी वाटते की या जुळणीने मराठी वाचकाच्या मनात नकळत घोटाळा होतो. तारण म्हणजे तिजोरीत ठेवलेली एखादी चीज, जी एक तर आहे किंवा हरवली आहे, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पौलाच्या लेखनात मात्र या शब्दाला तीन काळ आहेत. इफिसकरांना तो सांगतो की कृपेने तुमचे तारण झालेले आहे. करिंथकरांना लिहिताना तो तारण होत असलेल्या लोकांविषयी बोलतो. आणि रोमकरांना म्हणतो की आपण विश्वास धरला त्या वेळेपेक्षा तारण आता अधिक जवळ आले आहे. झाले आहे, होत आहे, व्हायचे आहे. ‘हरवते का?’ हा प्रश्न यांपैकी नेमक्या कोणत्या काळाविषयी विचारला आहे, हे बहुतेक वेळा विचारणाऱ्यालाच ठाऊक नसते. दुसरा शब्द ‘विसार’, म्हणजे सौद्याच्या वेळी आगाऊ दिलेली रक्कम. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटले आहे. विसार देतो तो वस्तू विकत घेणारा. सौदा पुरा करण्याची बांधिलकी त्याने स्वतःवर ओढून घेतलेली असते. येथे विसार देवाने दिला आहे, आणि आपली पकड सैल झाली तर काय होईल या भीतीला माझ्या मते याहून सरळ उत्तर नाही.

तरीही इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातून मला इतक्या सहज निघता येत नाही आणि तसे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते जर पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणे अशक्य आहे, असे तिथे लिहिले आहे. माझ्या बाजूचे, म्हणजे देव आपल्या लोकांना अखेरपर्यंत राखतो असे मानणारे, लोक म्हणतात की हे वर्णन नुसत्या बाहेरच्या माणसांचे आहे, ज्यांनी चव घेतली पण गिळले नाही. मला ही फोड ओढूनताणून केलेली वाटते. आत्म्याचे भागीदार झालेल्या माणसाला बाहेरचा म्हणताना जीभ अडखळते. परंतु आपल्या दैनिकात पत्र लिहिणारे ते वाचक ज्या बाजूने बोलतात तिलाही हे वचन मुळीच सोयीचे नाही. पापागणिक तारण जाते आणि पश्चात्तापागणिक परत येते, असे जर असेल, तर परत आणणे ‘अशक्य’ आहे हे वाक्य त्यांनी कुठे ठेवायचे? हा उतारा रोजच्या पडण्या-उठण्याविषयी नाही. पत्राचे मूळ वाचक विश्वासामुळे छळ सोसलेले, मालमत्तेची लूट आनंदाने सहन केलेले लोक होते, असे दहाव्या अध्यायावरून दिसते. आता थकून, ख्रिस्ताला जाणूनबुजून सोडून मागे फिरण्याच्या बेतात ते होते. त्यांना लेखक बजावतो आहे की या दाराबाहेर दुसरे दार नाही. आणि एवढे कठोर लिहून झाल्यावर लगेच तो त्यांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि तुमच्याविषयी आम्हांला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे असे सांगतो. इशारा देणाऱ्यालाच इशाऱ्याच्या परिणामाविषयी आशा आहे. यापुढे मला जाता येत नाही.

आरंभीच्या शतकांत हा प्रश्न पुस्तकी नव्हता. रोमन सम्राट डेसियस याने 250 च्या सुमारास सर्व प्रजेने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केले, कित्येकांनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर ही माणसे रडत मंडळीच्या दाराशी आली. रोममधील धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दुसरी वाट धरली. 251 सालच्या सभेत प्रत्येकाचा अपराध वेगवेगळा तोलून, दीर्घ प्रायश्चित्तानंतर परत घेण्याचे नियम ठरले. सात वर्षांनी, 258 साली, सिप्रियन स्वतः विश्वासासाठी शिरच्छेदाला सामोरा गेला, त्यामुळे तो मवाळपणाने बोलत होता असे कोणी म्हणू शकत नाही. त्या लोकांनी ‘यांचे तारण हरवले होते का?’ यावर जितका खल केला त्याहून अधिक ‘यांना परत येता येईल का?’ यावर केला, आणि मला त्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा अधिक खरा वाटतो. बाप्तिस्म्यानंतरच्या पापाचे भय पुढेही कित्येक पिढ्या इतके होते की लोक बाप्तिस्माच लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो 337 साली मृत्युशय्येवर घेतला.

जे मुळीच परतत नाहीत त्यांचे काय? देमास हे नाव नव्या करारात तीनदा येते. दोनदा तो पौलाचा सहकारी म्हणून सलाम पाठवतो, आणि तिसऱ्यांदा पौल लिहितो की ऐहिक सुख प्रिय असल्यामुळे तो मला सोडून गेला. पुढे काय झाले ते शास्त्र सांगत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात अशांविषयी म्हटले आहे की ते आपल्यातूनच निघाले तरी आपले नव्हते, आणि माझा कल याच बाजूला आहे. पण हा निवाडा योहानाने मागे वळून केलेला आहे. आपण तो पुढे पाहून करू लागलो की चूक होते. पेत्राने येशूला तीनदा नाकारले आणि कोंबडा आरवला, त्या रात्री कोणी त्याच्याकडे पाहून हेच वाक्य उच्चारले असते, तर ते किती बरोबर वाटले असते! त्याच्यासाठी मात्र येशूने आधीच प्रार्थना केलेली होती, तुझा विश्वास ढळू नये म्हणून.

या शिकवणीने माणसांचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध बाई शेवटच्या आजारात प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातल्या एका ओळीने व्याकूळ झाल्या होत्या. विजय मिळवणाऱ्याचे नाव मी जीवनाच्या पुस्तकातून खोडणार नाही, हे अभिवचन त्यांना धमकीसारखे ऐकू येत होते. “माझं नाव खोडलं तर गेलं नसेल ना?” हाच त्यांचा प्रश्न असे. कोणीतरी त्यांना आयुष्यभर असे शिकवले होते की एक कबूल न केलेले पाप राहिले तरी सारे संपले. त्याच सुमारास एक तरुण माझ्याकडे आला. त्याने आपल्या भागीदाराला फसवले होते, पैसे परत करण्याची त्याची इच्छा नव्हती, आणि माझे तारण तर लहानपणीच झाले आहे असे तो मला समजावत होता. बाईंना मी योहानाचा दहावा अध्याय वाचून दाखवला, त्या तरुणाला जाणूनबुजून पाप करत राहणाऱ्यांना इशारा देणारा इब्री लोकांस पत्राचा दहावा. उलट करणारे उपदेशक मला भेटलेले आहेत. बेफिकीर माणसाला अभय आणि भेदरलेल्याला भय देणारे हे लोक वचने बरोबर पाठ म्हणतात, फक्त ती चुकीच्या माणसाच्या हाती देतात.

भेदरलेल्यांविषयी आणखी एक गोष्ट. इंग्रज कवी विल्यम कूपर याने देवाच्या कृपेची अशी स्तोत्रे लिहिली की ती आजही उपासनेत गायली जातात. परंतु 1773 मध्ये पडलेल्या एका भीषण स्वप्नानंतर आपण कायमचे टाकले गेलो आहोत अशी त्याची खात्री झाली आणि 1800 साली मरेपर्यंत ती बहुतांशी तशीच राहिली. देव आपल्या लोकांना राखतो असे मानणाऱ्यांच्याच सहवासात तो होता. ती शिकवण त्याला तोंडपाठ होती. खात्री आणि तारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे 1646 साली तयार झालेल्या कबुलीजबाबाने स्पष्ट म्हटले आहे: खऱ्या विश्वासी माणसालाही खात्रीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, आणि मिळालेली खात्री झाकोळूही शकते. ज्याला आज काहीच जाणवत नाही, त्याने आपले तारण गेले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. उलट, ज्याला सारे पक्के जाणवते त्याच्यासाठी मत्तयाच्या सातव्या अध्यायातले वाक्य आहे. प्रभूच्या नावाने अद्भुत कामे केलेल्या लोकांना तिथे ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’ असे ऐकावे लागते. ओळख होती आणि मोडली, असे तिथे म्हटलेले नाही, हे माझ्या बाजूच्या लोकांना फार सोयीचे वाटते. पण ज्यांना ते ऐकावे लागले त्यांना शेवटपर्यंत आपण आतलेच आहोत असे वाटत होते, हेही त्यांनी विसरू नये.

आपल्याला विनंती एवढीच की, मूळ लेखातील ‘सर्व प्रोटेस्टंट’ हे शब्द पुढील अंकात दुरुस्त करावेत, आणि ‘तो कसाही वागला तरी’ हे शब्द कोणत्याही मंडळीच्या अधिकृत कबुलीजबाबातून घेतलेले असतील तर तो कोणता, हे लेखकाने कृपया कळवावे.

आपला नम्र,
एक वाचक